बाबांनी स्टॅटिन बंद केली, ओबिसेट्रापिबची वाट बघायची म्हणतात

नौपाड्याची लेक:
बाबा ६८ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ४० चालू आहे. परवा एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९६ आलं, डॉक्टरांना ५५च्या खाली हवंय. तलावपाळीला रोज दोन फेऱ्या मारणारा माणूस हल्ली पहिल्याच फेरीत बाकावर बसून पाय चोळतो. काल औषधांच्या डब्यात आठवड्याभराच्या गोळ्या तशाच सापडल्या. म्हणे, ‘गोळीनंच पाय दुखतात. ओबिसेट्रापिब नावाची नवी गोळी येतेय, तोवर ही बंद.’ थांबू द्यावं का त्यांना?

महापेचे काका:
मुळीच नको. मी ठाणे-बेलापूर रोडला औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढली. ओबिसेट्रापिब सीईटीपी हे प्रथिन अडवते, जे एचडीएलमधलं (चांगलं) कोलेस्टेरॉल एलडीएलकडे नेतं. त्याच घराण्यातल्या टॉर्सेट्रापिबनं एचडीएल ७२ टक्के वाढवलं, एलडीएल २५ टक्के उतरवलं. रिपोर्ट बघून सगळे खूश! पण सुमारे १५,००० जणांच्या चाचणीत ती घेणारे ९३ जण दगावले, नुसत्या अ‍ॅटोरव्हास्टॅटिनवरचे ५९. तिनं रक्तदाबही वाढत होता. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवली. आम्ही त्या दिवशी कॅन्टीनमध्ये दुसरं काही बोललो नाही.

ओबिसेट्रापिबनं रक्तदाब तसा वाढलेला नाही, आणि ब्रॉडवे चाचणीत एलडीएल साधारण ३० टक्के उतरलं. पण हार्ट अ‍ॅटॅक टळतात का, हे बघायला प्रिव्हेल ही वेगळी चाचणी घ्यावी लागली. आणि बाबांना एवढं नक्की सांग: ब्रॉडवेतल्या लोकांना ही गोळी चालू औषधांच्या जोडीला दिली होती, स्टॅटिन सोडून नव्हे.

नेरुळची सिस्टर:
ताई, पाय चालतानाच दुखतो आणि बसलं की थांबतो का? मग पायाच्या धमन्या आधी तपासा. तिथेच चरबी साचली असेल तर स्टॅटिन सोडणं फार महागात पडेल. स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत, बसल्यावरही ठणकणारं असतं. त्यासाठी सीपीके ही स्नायूंना इजा झालीय का बघणारी रक्तचाचणी करतात. गोळी खरंच सोसत नसेल तर कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत: एझेटिमाइब आहे, बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे. हे दुसरं यकृतातच कामाला लागतं, स्नायूंत नाही. फक्त युरिक अ‍ॅसिड वाढतं, माझ्या सासऱ्यांचा अंगठा सुजला होता. गाउट (युरिक अ‍ॅसिडनं सांधे सुजण्याचा आजार) असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

नौपाड्याची लेक:
आत्ताच विचारलं. दुखते ती फक्त उजवी पोटरी, आणि बसलं की पाच मिनिटांत थांबते. उद्या अकराची अपॉइंटमेंट घेतलीय. रात्रीची गोळी माझ्यासमोर घेतली.