पुढच्या डिफचा फिल प्लग निघत नाहीये (मुलुंड), तातडीचं

प्रेषक: बंड्या, मुलुंड

मंडळी,
एटीव्ही (शेतात-ओढ्यात चालवायची चार चाकी उघडी गाडी) कर्जतहून टेम्पोत घालून मुलुंडला आणली आहे. शेतावर ना सपाट जागा, ना धड दिवा. सध्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी आहे आणि सेक्रेटरीने रविवार संध्याकाळची मुदत दिली आहे. गिअरबॉक्स आणि मागच्या डिफचं (डिफरन्शियल, म्हणजे चाकांना जोर पोचवणारा गिअरचा डबा) ऑइल बदलून झालं. पुढच्या डिफचा फिल प्लग (ऑइल भरायच्या भोकाचं बूच) मात्र जागचा हलत नाही. ऍलन की लावून जोर केला तर कीच खोबणीत फिरते. ऑइल काढायच्या ड्रेन प्लगला हात लावलेला नाही. खजिनदारांच्या गाडीवरून अण्णांनी 'आधी फिल, मग ड्रेन' अशी जी शाळा घेतली होती ती लक्षात आहे.

दुसरं, ट्रॉय-नोवायकडून (मिशिगन, अमेरिका) या आठवड्यात कोणी मुंबईला येतंय का? पुढच्या डब्याचं ऑइल एक क्वार्ट (साधारण एक लिटर) हवं आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर विचारलं तर सगळे 90 नंबरचं जाड गिअर ऑइल पुढे करतात.

बंड्या


प्रेषक: अण्णा, ट्रॉय

बंडू,
की फिरतेय म्हणजे ती तळापर्यंत बसलेलीच नाही. खोबणीत चिखल सुकून कडक झालेला असतो. दाभण घे, सहाही कोपरे खरवडून काढ, ब्रेक क्लीनरचा फवारा मार आणि मग की हातोडीने ठोकून बसव. गोल टोकाची ऍलन की वापरत असशील तर आत्ताच बाजूला ठेव, ती नुसती धारेवर टेकते आणि कोपरे खाते.

तुझी गाडी आधी किनाऱ्यावर भाड्याने फिरायची ना? मग कारण उघड आहे. डबा ऍल्युमिनियमचा, प्लग लोखंडी, वरून खारं पाणी. अशा जोडीत ऍल्युमिनियम आधी झिजतं आणि आट्यांमध्ये पांढरी भुकटी धरते. ती प्लगला पाचरीसारखी आवळून ठेवते. गंज सोडवणारं तेल आज रात्री मार, सकाळी परत मार. सोडवण्याआधी प्लग किंचित आवळायच्या दिशेला दाब, एक बारीकसा 'टक' आवाज आला की मग उलट फिरव.

ड्रेन उघडला नाहीस हे फार बरं केलंस. आधी भरायचं भोक, मग रिकामं करायचं.

अण्णा


प्रेषक: नानाकाका, दादर

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.
आम्ही परळ वर्कशॉपात आयुष्य काढलं. अडलेल्या नटाला एकच औषध, ब्लो लॅम्प. डबा लाल होऊ द्यायचा नाही, नुसता हात लावता येणार नाही इतपत तापवायचा. ऍल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि प्लग सुटतो. तेलबिल मारत रात्र घालवायची गरज नाही.
नाना


प्रेषक: धाकटा, ठाणे

नाना, तत्त्व बरोबर आहे, पण वर्कशॉपात तुमच्यासमोर वॅगनची बोगी होती. इथे हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी आहे, डब्याच्या दोन्ही बाजूंना रबरी सील आहेत आणि आत फोर व्हील लावणाऱ्या कॉइलची वायर जाते. ज्योत नको. हॉट एअर गन घ्या, तीही प्लगवर न धरता प्लगभोवतीच्या डब्यावर धरा. आणि अण्णांचं तेल मारलेलं असेल तर ते आधी पूर्ण पुसा, नाहीतर धूर होऊन सेक्रेटरी रविवारची वाट बघणार नाही.

बंड्या, तेवढ्यानेही नाही निघाला तर माझ्याकडे दुसरा मार्ग आहे. ड्रेन उघड, निघालेलं ऑइल मापाच्या भांड्यात मोज आणि तेवढंच नवं ब्रीदरच्या (डब्यातली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या) नळीतून पिचकारीने हळूहळू सोड. फिल प्लगची गरजच नाही.


प्रेषक: अण्णा, ट्रॉय

ठाणेकर, निघालेलं मोजून काय कळणार? आत किती होतं ते कळेल, किती हवं ते नाही. सील गळत असेल तर डबा आधीच अर्धा असेल आणि तू परत अर्धाच भरशील. माप मॅन्युअलात बघायचं. बंडूच्या गाडीला पाव लिटरच्या आसपास लागतं, पण नेमका आकडा त्या वर्षाच्या मॅन्युअलातूनच घ्यावा. शिवाय ब्रीदरमधून भरलं तर पातळी तपासणार कुठून? फिल प्लग हीच तपासायची खिडकी आहे. आज टाळलं तर पुढच्या वेळी तोच प्लग आणखी घट्ट झालेला सापडेल.


प्रेषक: धाकटा, ठाणे

मी माप मॅन्युअलातलं घेऊ नका असं कुठे म्हटलं? मार्ग आहे एवढंच म्हटलं.


प्रेषक: खजिनदार

सर्वांना नम्र विनंती. ही ईमेल-यादी आपल्या मराठी मंडळाच्या कामासाठी आहे. गणेशोत्सवाच्या जेवणाचे पैसे अजून निम्म्या घरांकडून आलेले नाहीत, आणि इथे चार दिवस एका प्लगची चर्चा. 'माझ्या गाडीवरून शाळा' हा उल्लेखही अनावश्यक होता.

बंड्या, तू मुंबईत गेलास त्याचा आनंदच आहे, पण दर वेळी बॅगेतून सामान मागवणं बरोबर नाही. मागच्या डिसेंबरात तुझा कार्ब्युरेटर कोणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे.


प्रेषक: वहिनी, नोवाय

खजिनदार, कार्ब्युरेटर मीच नेला होता आणि माझी काही तक्रार नव्हती.
बंड्या, आमच्या सासूबाई शुक्रवारी निघताहेत. एका बाटलीला जागा आहे, पण विमानात गाडीचं तेल चालतं का? त्यांची लोणच्याची बरणी एकदा काउंटरवर काढून घेतली होती, तेव्हापासून त्या घाबरतात. आणि 90 नंबरचं इतकं सहज मिळतंय तर तेच का नको, हे कोणीतरी मला साध्या शब्दांत सांगा.


प्रेषक: अण्णा, ट्रॉय

वहिनी, सांगतो.
90 नंबर वाईट नाही. मागच्या डब्यात नुसती बेव्हल गिअरची जोडी असते, तिथे चांगलं गिअर ऑइल निभावून जातं (तिथेही मॅन्युअलात लिहिलेलं मिळालं तर उत्तम). बंडूची पोलॅरिस आहे आणि तिच्या पुढच्या डब्यात गिअरबरोबर रोलर क्लच असतो. फोर व्हीलचं बटण दाबलं की कॉइलला करंट मिळतो, ती एका पातळ प्लेटला ओढून धरते. मागची चाकं घसरून पुढच्या चाकांपेक्षा जास्त फिरायला लागली की रोलर पाचरीसारखे अडकतात आणि पुढची चाकं ओढायला लागतात. सगळा खेळ त्या प्लेटच्या वेळेवर चिकटण्या-सुटण्यावर आहे. त्या डब्यासाठी कंपनी वेगळं ऑइल देते ते याचसाठी. तिथे जाड, चिकट ऑइल घातलं तर फोर व्हील उशिरा लागतं, किंवा बटण बंद केल्यावरही ओढत राहतं.

विमानाचं म्हणाल तर असल्या ऑइलचा फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेऊ शकते ते तापमान) खूप वर असतो आणि 60 अंशांखाली पेट घेणाऱ्या द्रवांना जो नियम लागतो तो याला लागत नाही. पण काउंटरवरच्या माणसाला हे पटवायला सासूबाईंना उभं करू नका. कंपनीचं सेफ्टी डेटा शीट छापून बाटलीला बांधा आणि विमान कंपनीला आधी फोन करा. त्यांनी नाही म्हटलं तर विषय संपला. हातातल्या बॅगेत तर मुळीच नको.


प्रेषक: धाकटा, ठाणे

माझ्या होंडाला पुढच्या डिफला 80 नंबरचं हायपॉइड गिअर ऑइल चालतं, मॅन्युअलातच आहे. सगळ्या एटीव्हींना एकच नियम लावू नका.


प्रेषक: अण्णा, ट्रॉय

मी नेमकं तेच म्हणतोय. तुझी होंडा, त्याची पोलॅरिस.


प्रेषक: नानाकाका, दादर

चि. बंडूस, मागच्या डब्याचं काळं तेल टाकू नकोस. शेतावरच्या खोपटाच्या खांबांना फासावं, वाळवी लागत नाही. आमच्या गावी सगळे तेच करत. बांधकामवालेही शटरिंगच्या फळ्यांना लावायला मागून नेतात.


प्रेषक: वहिनी, नोवाय

नाना, राग मानू नका, पण ते तेल पावसात खांबावरून उतरून जमिनीत आणि विहिरीत जातं. बंड्याची विहीर खांबांपासून दहा पावलांवर आहे, मी पाहिली आहे. वापरलेलं तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यातच मोडतं. इकडे गाडीच्या सामानाच्या दुकानात फुकट परत घेतात. तिकडे नोंदणीकृत रिसायकलरला ड्रम देणारं मोठं गॅरेज शोधायचं आणि त्यांच्या ड्रममध्ये ओतायचं. सोसायटीच्या नाल्यात तर अजिबात नाही.


प्रेषक: नानाकाका, दादर

सौ. वहिनींस, विहिरीचं लक्षात आलं नव्हतं.


प्रेषक: बंड्या, मुलुंड

निघाला!
अण्णांचं दाभण आणि ठाण्याची गन, दोन्ही कामी आलं. खोबणीतून इतकी वाळू निघाली की ऍलन की पहिल्या वेळी निम्मीच आत गेली असणार. तेल रात्रभर मुरू दिलं, सकाळी नीट पुसलं, डबा गरम केला, आधी आवळला, मग सोडवला. आट्यांवर अण्णा म्हणाले तशीच पांढरी भुकटी. आटे शाबूत आहेत. नागदेवीतून नवी ओ-रिंग आणून ठेवली आहे.

आता वाईट बातमी. ड्रेन उघडला तर ऑइल दुधाळ, कॉफीच्या रंगाचं. ड्रेनच्या चुंबकावर करडा लगदा आहे, बोटात चोळला तर खरखरत नाही, तुकडे नाहीत. ब्रीदरची नळी वरून खाली तपासत आलो तर तोंडाशी कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, पार बुजलेलं. तारेने मोकळं केलं, फुंकर मारली तर हवा जाते आहे.

प्रश्न: रविवारी गाडी हलवायची आहे आणि ऑइल अजून आलेलं नाही. दोन्ही प्लग लावून कोरडीच टेम्पोत चढवू का?


प्रेषक: अण्णा, ट्रॉय

करडा लगदा नेहमीचाच, काळजी नको. पाणी आलं ते त्या माशीमुळे. डबा चालवून गरम झालेला असतो, ओढ्यात घातलास की आतली हवा एकदम आकसते, ब्रीदर बंद म्हटल्यावर ती सीलच्या ओठातून पाणी ओढून घेते. म्हणजे सील खराब झालेच असतील असं नाही. पुढच्या खेपेला ऑइल परत दुधाळ दिसलं तरच सील बदल.

कोरडी असताना इंजिनावर चालवू नकोस आणि दोरीने ओढूही नकोस. बटण बंद असलं तरी पुढची चाकं फिरली की आतले काही भाग फिरतातच. हाताने ढकलून फळीवरून टेम्पोत चढवायला हरकत नाही. ऑइल आलं की एका क्वार्टमध्ये पहिला भर धुण्यासाठी वापर: पुढचा भाग जॅकवर घे, चाकं हाताने फिरव, काढून टाक, मग खरा भर. तरीही थोडं उरेल. डबा ऍल्युमिनियमचा आहे, प्लग टॉर्क रेंचने मॅन्युअलातल्या आकड्यालाच आवळ. नानांचा हात लावू देऊ नकोस.


प्रेषक: खजिनदार

ठीक आहे, प्लग निघाला. आता जेवणाचे पैसे.


प्रेषक: वहिनी, नोवाय

विमान कंपनीने फोनवर हो म्हटलं, सीलबंद बाटली आणि तो कागद सोबत असला तर. बाटली दोन पिशव्यांत घालून साड्यांपासून लांब ठेवली आहे. सासूबाई टर्मिनल 2 ला पहाटे उतरतात, त्यांना घ्यायला मुलुंड येणार की ठाणे तेवढं आज ठरवा. आणि खजिनदार, आमचे पैसे कधीच पाठवले आहेत, यादी तपासा.