मदत हवी आहे: नागीण बरी झाली, वेदना मात्र थांबत नाहीत

नमस्कार. माझ्या 71 वर्षांच्या आईला गेल्या श्रावणात उजव्या बरगडीखाली नागीण झाली होती. फोड तीन आठवड्यांत वाळले, परंतु त्याच पट्ट्यातील आग आणि विजेचा झटका बसावा तशी कळ आठ महिने उलटले तरी थांबलेली नाही. पोलक्याची शिवण लागली तरी ती कळवळते, म्हणून घरात वडिलांचा धुऊन मऊ झालेला सदरा उलटा करून घालते. नागिणीच्या विषाणूने मज्जातंतूंनाच इजा केल्यामुळे नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे फारसा उपयोग होत नाही, असे डॉक्टरांनी समजावले. प्रीगाबालिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधाने कळ निम्म्यावर आली, मात्र डोस वाढवल्यापासून तिला चक्कर येते आणि रात्री उठताना ती दोनदा पडता पडता वाचली. काचबिंदू असल्याने अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे अशा वेदनेवरील दुसरे औषध देण्यास डॉक्टर तयार नाहीत.

लिग्नोकेनचे (त्वचा बधिर करणारे) चिकटपट्टे, मिरचीतील कॅप्सेसिनचे मलम किंवा पेन क्लिनिकमधील नर्व्ह ब्लॉक (मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन) यांपैकी कशाचा आपल्याला अथवा घरातील कोणाला प्रत्यक्ष उपयोग झाला, तो किती दिवस टिकला आणि साधारण खर्च किती आला, हे कृपया कळवावे. मंत्राने नागीण उतरवणाऱ्यांचे पत्ते मात्र पाठवू नयेत; ते शेजाऱ्यांकडून पुरेसे मिळाले आहेत.