रॉकमधल्या 'त्या' बायका तुमच्या आयुष्यात कशा आल्या?

साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकमधल्या बायका, हिप्पी मुली, ते सगळं वारं तुमच्यापर्यंत कसं पोचलं ते लिहा, स्वतःचं किंवा घरातल्या कुणाचं. मी सुरुवात करते. कॉलेजात असताना दादाच्या मित्राकडून 'चीप थ्रिल्स'ची कॅसेट आणली होती, १९६८ चा अल्बम, अमेरिकन रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने गायलेला. आमच्याकडे मुलीने गायचं म्हणजे गोडच गायचं, आणि ही घसा फाडून गातेय, आवाज चिरकला तरी तिथून हलत नाहीये. आई स्वयंपाकघरातून ओरडली, कोण रडतंय गं? मी म्हटलं रडत नाहीये, गातेय. मग मलाच रडू आलं.

---

मी १९७० मध्ये बॉस्टनला शिकायला गेले, साखरपुडा उरकूनच पाठवलं होतं घरच्यांनी. रूममेट टेक्ससची, जॅनिसच्या पोर्ट आर्थरपासून जवळच्याच गावातली. ४ ऑक्टोबरला जॅनिस गेली, फक्त २७ वर्षांची, तेव्हा ही दोन दिवस जेवली नव्हती. सगळे म्हणतात तो मोकळ्या प्रेमाचा जमाना, पण गर्भनिरोधक गोळी १९६० मध्ये मंजूर होऊनसुद्धा मॅसॅच्युसेट्समध्ये लग्न न झालेल्या मुलीला ती देणं कायद्याने गुन्हा होता, १९७२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा कुठे ते सुटलं. तोवर ही डॉक्टरकडे जाताना माझी साखरपुड्याची अंगठी घालून जायची. मी द्यायचे. आल्यावर ती अंगठी धुऊन पुसून माझ्या हातात ठेवायची. घरी कधी बोलले नाही, नवऱ्यालाही नाही, आज इथेच पहिल्यांदा लिहितेय.

---

आमचं म्हापशाला दुकान होतं. शुक्रवारच्या बाजाराला हणजुण्याहून हिप्पी यायचे, आई त्यांच्यातल्या बायकांकडेच बघत बसायची. पुरुष गिटार घेऊन बाहेर बसलेले आणि रॉकेल, तांदूळ, कडेवरचं पोर सगळं बाईकडे. आई म्हणायची, बाबा रे, कपडे बदलले, कामं तीच आहेत. मला वाटतं तिला जे दिसलं ते फार थोड्या लोकांनी लिहिलंय.

---

जॅनिसबद्दल एक सांगायलाच हवं. बेसी स्मिथ, ब्लूजची एवढी मोठी गायिका, १९३७ मध्ये गेली आणि कबरीवर साधा दगडही नव्हता. १९७० च्या ऑगस्टमध्ये जॅनिसने आणखी एका बाईबरोबर पैसे भरून तो बसवला, आणि दोन महिन्यांत स्वतःच गेली. मुलगा फिलाडेल्फियाला असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा मुद्दाम जवळच असलेल्या त्या कबरीवर जाऊन फूल ठेवून आलो.

---

फॅनी या बायकांच्या रॉक बँडचं नाव कुणीच कसं घेतलं नाही अजून? चौघीजणी, स्वतः वाजवणाऱ्या, १९७० मध्ये मोठ्या कंपनीकडून पहिला अल्बम. त्यातल्या जून आणि जीन मिलिंग्टन या बहिणी फिलिपिन्सहून सॅक्रामेंटोला आलेल्या. मीही तेरा वर्षांची असताना ठाण्याहून सॅक्रामेंटोलाच आले, शाळेत माझे उच्चार ऐकून मुलं हसायची म्हणून मी बोलणंच सोडलं होतं. लायब्ररीतल्या एका बाईंनी फॅनीबद्दल सांगितलं. त्या दोघी याच गावात माझ्यासारख्याच नवख्या होत्या हे ऐकून मी घरी जाऊन बाबांकडे गिटार मागितली. बाबांनी गराज सेलमधून आणली, एक तार तुटलेली होती. अजून तीच वाजवते, लेक आता बेस शिकतेय.