कंपनीच्या नावाला अर्थ हवाच का? आडनाव लावलं तर काय बिघडतं?

पाचपाखाडीकर
ठाण्यात वागळे इस्टेटला माझ्या मित्राचा इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायचा गाळा आहे. इतकी वर्षं प्रोप्रायटरी होती, आता प्रायव्हेट लिमिटेड करायचीय. नाव शोधायचं काम त्याच्या इंजिनियर मुलाने अंगावर घेतलं आणि संस्कृत शब्दांची यादीच आणली. ऊर्जस्विन, विद्युन्मय, तेजोनिधी. शेवटी एक 'अव्यानम'. त्याचा अर्थ त्यालाही धड सांगता येईना, पण 'नेटवर चांगला दिलाय' म्हणे.

माझं मत स्पष्ट आहे. अर्थाच्या नादी लागू नका, सरळ आडनाव लावा. पोखरण रोडवरून एक चक्कर मारा. रेमंड हे कुणा माणसाचं आडनाव, १९२५ पासून गिरणीला चिकटलं. पुढे गिरणी सिंघानियांकडे आली, तरी त्यांनी ते पुसलं नाही. तिथल्याच जेके ग्राममधले जेके म्हणजे सिंघानियांचे जुग्गीलाल आणि कमलापत, बाप-लेक. कॅडबरी म्हणजे बर्मिंगहॅमचे जॉन कॅडबरी, १८२४ सालचे दुकानदार. खाडी ओलांडून कळव्यात गेलात तर सीमेन्स म्हणजे वेर्नर फॉन सीमेन्स आणि मुकंद म्हणजे लाला मुकंदलाल. यातल्या एकाही नावाचा अर्थ आजवर कुणी गिऱ्हाइकाने विचारला नाही. माल खणखणीत निघाला की नावाला वजन येतंच.

नॉसिल नाका
काका, तुम्ही ठाण्यातून बाहेरच पडला नाहीत. ठाणे-बेलापूर रोडला या, उलटी यादी देते. नॉसिल म्हणजे नॅशनल ऑरगॅनिक केमिकल इंडस्ट्रीज लिमिटेड. पूर्ण नाव वाचलं की आत काय शिजतं ते कळतं. विप्रो म्हणजे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, १९४५ साली जळगाव जिल्ह्यात अमळनेरला सुरू झालेला वनस्पती तुपाचा कारखाना. जुन्या लोकांनी नावात धंदा सांगितला होता. ही रीत मला प्रामाणिक वाटते. पाटी वाचून माणसाला कळायला नको का, आत पॅनेल बनतात की पापड?

येऊरवाला
@नॉसिल नाका विप्रोच्या ऑफिसात जाऊन वनस्पती तुपाचा डबा मागून बघा ताई. धंदा बदलला, नाव तिथेच. नावात धंदा कोंबला की तोच पुढे अडचण होतो, मग आद्याक्षरांत लपवावा लागतो.

पाचपाखाडीकर
अगदी! आणि व्होल्टासचं ऐका. पोखरण रोड नंबर दोनवर त्यांचा कारखाना होता. वीज आणि एसीवाली कंपनी, म्हणून अर्धं ठाणं समजतं की 'व्होल्ट'वरून नाव पडलं. मुळात ते स्वित्झर्लंडचे व्होल्कार्ट ब्रदर्स अधिक टाटा सन्स, १९५४. म्हणजे दोन आडनावांचीच जोडी. अर्थ लोकांनी आपापला लावून घेतला आणि तो धंद्याला फिट्ट बसला. पैसे न मोजता.

ऐरोलीचा फिटर
'सरळ आडनाव लावा.' छान. ज्यांचं आडनाव पाटीवर शोभतं, त्यांना हे सुचतं.

माझं रबाळे एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं काम आहे. सुरुवातीला आडनावाचीच पाटी होती. एका मोठ्या कारखान्यात व्हेंडर कोड काढायला, म्हणजे पुरवठादार म्हणून नोंद करायला गेलो. परचेसच्या साहेबांनी फॉर्म हातात घेतला, नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मूळ कुठले तुम्ही?" मी म्हटलं, बुलढाणा. "नाही, तसं नाही, म्हणजे..." त्या 'म्हणजे'चा अर्थ इथे सगळ्यांना माहीत आहे. वेल्डिंग टेस्टचा रिपोर्ट खालीच पडून होता, त्याच्यावर नजरही गेली नाही. पुढच्या वर्षी फर्मचं नाव बदललं. आता इंग्रजी, गुळगुळीत, काहीही न सांगणारं नाव आहे. पहिला प्रश्न आता प्लेटच्या जाडीचा येतो.

रेमंड, कॅडबरी, सीमेन्स ही आडनावं इथे चालली, कारण ती इथल्या कुणाला वाचताच येत नव्हती. आपली आडनावं लोकांना नको तेवढी वाचता येतात.

पाचपाखाडीकर
तुमच्या अनुभवाला उत्तर नाही. पण त्यावर उपाय आडनाव लपवणं हा आहे का? किर्लोस्कर हे नाव बघा. किर्लोस हे मालवण तालुक्यातलं लहानसं गाव. १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात झाली, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि आज पंप म्हटला की शेतकरी तेच नाव घेतो. 'कर' लावून गाव सांगायची आपली पद्धत आहे. त्यात लाजायचं काय?

ऐरोलीचा फिटर
लाजायचं कुणी म्हटलं? मी आडनाव मुलांना दिलंय, बँकेत आहे, दारावर आहे. टेंडरवर नको म्हणतोय. आणि किर्लोस्कर हे गाव सांगणारं आडनाव असलं तरी ऐकणाऱ्याला गावच ऐकू येतं असं समजू नका.

नॉसिल नाका
+१ फिटरदादांना. शिवाय भागीदार गेला तर? महिंद्रा अँड महिंद्रा १९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इथे १९४८ साली नाव बदलावं लागलं. दोन्हीकडे 'म' होता म्हणून 'एम अँड एम' तरी वाचलं.

येऊरवाला
लार्सन अँड टुब्रोमध्ये दोघंही डॅनिश इंजिनियर, हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो. १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली. दोघंही आता नाहीत, नावाला कुणी हात लावला नाही. तेव्हा तो मुद्दा दोन्ही बाजूंनी चालतो ताई.

चरईची सीएस
मी कंपनी सेक्रेटरी, हे काम रोज करते म्हणून थोडं रुक्ष लिहिते. नाव राखून ठेवायला स्पाइस प्लसचा, म्हणजे कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्मचा, भाग अ भरायचा. दोन नावं सुचवता येतात, फी १००० रुपये, मंजूर झालं तर २० दिवस राखीव. आधीच्या कंपनीशी किंवा ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं असेल तर परत येतं. आडनाववाल्यांची इथेच गोची होते. पाटील, जोशी, शिंदे लावून 'इलेक्ट्रिकल्स' किंवा 'इंजिनिअरिंग' म्हटलंत की आधी कुणीतरी बसलेलं असतंच.

आता अर्थवाल्यांसाठी. ट्रेडमार्क कायदा १९९९, कलम ९. मालाचं नुसतं वर्णन करणारा शब्द सहजी मिळत नाही. म्हणजे नाव जितकं धंद्याचा अर्थ सांगेल, तितकं ते कायद्याने दुबळं. देवाधर्माकडे वळाल तर तिथेही सांभाळून. अगरबत्तीसाठी 'रामायण' या नावावर मक्ता मागणाऱ्याला सुप्रीम कोर्टाने २०१५ साली नकार दिला होता, पवित्र ग्रंथाचं नाव एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही म्हणून.

माझ्या अनुभवात सगळ्यात लवकर सुटतात ती बनवलेली नावं. पोखरण रोडवरच ग्लॅक्सो होती ना? न्यूझीलंडच्या दूधभुकटीसाठी 'लॅक्टो' हवं होतं, तसली नावं आधीच नोंदलेली निघाली, म्हणून अक्षरं इकडेतिकडे करून १९०६ साली ग्लॅक्सो केलं. अर्थ शून्य, नोंदणी पक्की.

कोपरीची वहिनी
शून्य अर्थाची नावं तोंडात बसत नाहीत हो. कॅडबरी इंडियाचं २०१४ साली माँडेलीझ झालं. 'माँड' म्हणजे जग, 'डेलीझ' म्हणजे चविष्ट, असा त्यांचा हिशेब. रिक्षात बसून एकदा 'माँडेलीझ नाका' म्हणून बघा. रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी तुमचा चेहरा बघेल. अजून कॅडबरी नाकाच. आणि आपल्या मामलेदार मिसळीला नाव कुणी दिलं? बाजूच्या मामलेदार कचेरीने. कोणत्या सल्लागाराला पैसे दिले होते?

नॉसिल नाका
वहिनी, पीतांबरी विसरलात. ठाण्याचीच. तांब्या-पितळेची भांडी घासायची पावडर, आणि नाव पीतांबरी. देवाचा पिवळा पीतांबर डोळ्यांसमोर येतो, आणि कान देऊन ऐकलं तर पितळ न् तांबं दोन्ही वाजतात. हे आधी ठरवलेलं असो की नंतर जुळलेलं, माझ्या आईने ते नाव एकदाच ऐकलं आणि वाण्याकडे तेच मागितलं. अर्थवाली नावं हरतात असं कुणी म्हणू नये.

येऊरवाला
पीतांबरी चालतं, कारण तो घरातला शब्द आहे. ऊर्जस्विन घरात कोण म्हणतं? मुलाला फोनवर ईमेल आयडी सांगायला लावा. "यू, आर, जे, ए, एस... नाही नाही, डब्ल्यू नाही, व्ही फॉर व्हिक्टर... हो, शेवटी एन, पुढे ए नाही." समोरचा भिवंडीतला ट्रान्सपोर्टवाला तोवर दुसऱ्याची गाडी भरून मोकळा. शिवाय दुकानं-आस्थापनांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत लावायची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने लहानांनाही लागू झालीय. रंगाऱ्याकडून 'विद्युन्मय' शुद्ध लिहून घ्या, मग बोलू.

ऐरोलीचा फिटर
मधला एक रस्ता डोंबिवलीत आहे. विको. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी, १९५२, केशव विष्णू पेंढरकरांची. नावात वडील आहेत, आडनाव नाही. निरमा तसंच, करसनभाई पटेलांच्या निरुपमा या मुलीवरून. माणूस आहे, जिव्हाळा आहे, आणि परचेसच्या साहेबांना बोट ठेवायला जागा नाही. पाचपाखाडीकर, तुमच्या मित्राच्या आईचं नाव काय?

पाचपाखाडीकर
आईचं नाव गोदावरी. मित्राला विचारलं, तो एकदम गप्प झाला, मग म्हणाला चालेल. मुलगा म्हणतो 'गोदा' जुनाट वाटतं, 'गोडाव्हा' करू. मी अजून आडनावावरच ठाम आहे. तो विको-निरमाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे खरं तर, तिथेही शब्दकोश कुणी उघडला नव्हता. उद्या अर्ज भरतोय. पहिलं नाव आडनावाचं, दुसरं गोदावरी.

चरईची सीएस
आडनाव काय ते मेसेज करा, आत्ताच तपासते. आणि गोदावरी नुसतं टाकू नका, नदीच्या नावाने आधीच ढिगाने कंपन्या आहेत.

ऐरोलीचा फिटर
आणि 'गोडाव्हा' भरलंत तर मी रबाळ्याहून येऊन पाटी उतरवेन.