मदत हवी आहे: नाल्याच्या काठावर भराव टाकायलेत, थांबवायचं कसं?

वडगावकर_शिवार
लवकर सांगा कुणीतरी. बेळगावच्या वडगावात रात्री डंपर येतात, पाडलेल्या घरांचं डबर नि माती काठावर ओतून जातात. दोन जुने करंज खोडापर्यंत गाडलेत, साल सोलून निघालीय. एका ऑफिसात गेलो, म्हणाले दुसरीकडे जा. तिथले म्हणाले पहिल्यांचंच काम ते. पाऊस तोंडावर आलाय. अर्ज नेमका कुणाला द्यायचा?

उंबर
नाला कुठला, बळ्ळारी की लेंडी? महापालिका हद्द की ग्रामपंचायत? सर्व्हे नंबर?

वडगावकर_शिवार
बळ्ळारीच की हो, वडगावात आणि कुठला असणार! महापालिका हद्द. सर्व्हे नंबर कशाला? कुणाची खासगी जागा नाही ती, गुरं चरायची तिथं.

भातवाला
भराव राहू दे, आधी जलपर्णी काढायला लावा. पाणी पुढं सरकतच नाही. दर पावसाळ्यात येळ्ळूर ते शहापूर शिवार तुंबतंय, लावलेलं भात कुजतंय. जेसीबी लावा, विषय संपला.

उंबर
जेसीबीनं काढलेली काठावरच टाकतात, पहिल्या पावसात परत पात्रात. आणि शहराचं सांडपाणी येतंय तोवर ती वाढणारच, तेच तिचं खत. हेच पाणी मार्कंडेय नदीला मिळतं नि पुढं घटप्रभेला.

पक्कं_काम
दोन्ही काठ नि तळ काँक्रीट करून घ्या. भराव टाकायला जागाच उरत नाही.

रानवाट
अजिबात नको. तळ काँक्रीट केला की मुरणं बंद, वेग वाढतो नि खालच्या शिवारात पूर. काठाला वाळा, वाळुंज, उंबर, करंज लावा, मुळ्या माती धरतात.

पक्कं_काम
मुळ्या धरेपर्यंत काठ शिल्लक राहायला हवा ना!

बासमतीप्रेमी
भातवाला, जुन्या बेळगाव बासमतीचं बी आहे का तुमच्याकडे?

कायदा_बघा
हरित लवादाचा नाल्यापासून 50 मीटर मोकळं सोडायचा आदेश जोडा अर्जाला.

उंबर
जोडू नका. तो 2016 चा, बंगळूरच्या राजकालव्यांचा, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या मोठ्या नाल्यांचा. सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2019 मध्ये रद्द केला. समोरचा तेवढ्यावरच अर्ज फेटाळेल. कर्नाटक भू-महसूल कायदा, 1964 चं कलम 67 लिहा: नदी-नाले नि त्यांचं पात्र सरकारचं. सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण काढायला कलम 104. वडगावकर, मोबाईलवर दिशांक ॲप (सरकारी सर्व्हे नकाशांचं) उघडा आणि भरावावर उभं राहून बघा.

वडगावकर_शिवार
बघितलं. नकाशात जिथं नाला दाखवलाय तिथं आज डबर आहे! शेजारच्या सर्व्हे नंबरच्या पहाणीत (आपल्याकडचा सातबाराच) 'ब' खराब लिहिलंय.

उंबर
हेच पहिल्यांदा सांगायचं होतं. 'ब' खराब म्हणजे सार्वजनिक वापराची राखीव जागा, शेजारच्या मालकालाही ती भरता येत नाही. दोन अर्ज करा. तहसीलदारांकडे सरकारी मोजणी नि हद्द कायम करण्यासाठी, महापालिका आयुक्तांकडे डबर उचलण्यासाठी. सोबत पहाणी, गावनकाशा नि डंपरचे नंबर दिसणारे फोटो. कन्नड प्रतही जोडा, नाहीतर भाषेवरूनच फिरवतील. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

भातवाला
मोजणीला कधी येणार ते इथं लिहा. आमच्या बांधावरची माणसं घेऊन येतो, जुना काठ कुठवर होता ते आमच्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे.