युगांडातल्या कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात पीएचडी, कुणाला माहितीये का?

भटकी_मुंगी: मी पुण्यात इतिहासात एमए केलंय, युगांडातल्या भारतीय दुकानदारांवर काम करायचंय. घरचे म्हणतात लंडनला जा, आफ्रिकेत कशाला? मला मात्र तिथेच शिकायचंय, कुणी गेलंय का?

रानवारा: जा गं बिनधास्त! मकेरेरे १९२२ पासूनचं आहे, आणि तिथल्या सामाजिक संशोधन संस्थेत राजकारणाचे अभ्यासक महमूद ममदानींनी संचालक असताना ५ वर्षांची पीएचडी सुरू केली, आधी कोर्सवर्क, इतिहास राजकारण अर्थकारण साहित्य सगळं एकत्र वाचायचं आणि मग फील्डवर्क. त्यांचं म्हणणं की आफ्रिकेतले संशोधक देणगीदार संस्थांना रिपोर्ट लिहून देण्यात अडकलेत, प्रश्न आपले आपण मांडायला शिका. मला हे फार पटतं. (ममदानींचा जन्म मुंबईचा बरं का, वाढले कंपालात.)

कोरा_कागद: लुगांडा (तिथली भाषा) आत्तापासून शिक, नुसत्या इंग्रजीवर बाजारातली माणसं मोकळी होत नाहीत. आणि फक्त दुकानदारांशी बोलू नकोस, १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांची दुकानं ज्यांना मिळाली त्यांनाही विचार.

भटकी_मुंगी: हे डोक्यातच नव्हतं आलं, खूप थँक्स! प्रपोजल परत लिहिते.