मदत हवी आहे: वॉलेटचा कोड खुला आहे, पण डेव्हलपरांवरचा विश्वास कशावरून ठरवावा?

एका लहान क्रिप्टो प्रकल्पाचे अँड्रॉइड वॉलेट वापरावे की नाही, हे मला ठरवायचे आहे. त्याचा संपूर्ण कोड गिटहबवर आहे आणि कोणी शंका काढली की ‘कोड खुला आहे, स्वतः वाचून पाहा’ एवढेच उत्तर मिळते. मला थोडाफार कोड वाचता येतो, तरीही हे उत्तर म्हणजे प्रश्नाला दिलेली बगल वाटते.

मुख्य अडचण अशी की, जो कोड मी वाचतो त्यातूनच ही एपीके फाइल (फोनवर बसवायची तयार ॲप-फाइल) तयार झाली आहे, हे कशावरून मानायचे? बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये अनेक जण गुइक्स (त्याच कोडमधून दरवेळी तंतोतंत सारखी फाइल बनवू देणारे साधन) वापरून स्वतंत्रपणे बिल्ड करतात, म्हणजे कोडमधून फाइल तयार करतात, तिचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) जुळवतात आणि त्यावर आपापल्या डिजिटल सह्या करतात. इथे मात्र फाइल आणि तिचा हॅश एकाच खात्यावरून चढवलेले असल्याने डाउनलोड धड झाले, यापलीकडे त्यातून काही सिद्ध होत नाही. रिलीजच्या टॅगवरून (त्या आवृत्तीच्या कोडवर केलेल्या खुणेवरून) मी स्वतः बिल्ड करून डिफोस्कोप या फाइलींमधला फरक दाखवणाऱ्या साधनाने दोन्ही फाइली ताडून पाहिल्या. सहीच्या फाइलींमधला फरक अपेक्षितच होता, पण ॲपचा कंपाइल केलेला कोड असलेली ‘क्लासेस.डेक्स’ फाइलसुद्धा वेगळी निघाली. कंपायलरची आवृत्ती वेगळी असल्यास असे होऊ शकते, हे मान्य. मात्र निरुपद्रवी फरक आणि मुद्दाम घुसवलेला कोड यांत भेद कसा करायचा?

डेव्हलपर टोपणनावाने काम करतात, याला माझी हरकत नाही. सातोशी नाकामोतोही टोपणनावच आहे. खटकते ते हे की, जवळजवळ सगळे बदल एकच खाते करते आणि तेच ते मुख्य कोडमध्ये मर्जही करते. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजांचे भांडार) पॅकेजची देखभाल एका अनोळखी व्यक्तीकडे गेली आणि तिने जोडलेल्या एका डिपेंडन्सीतून (त्या पॅकेजला लागणाऱ्या दुसऱ्या पॅकेजमधून) कोपे वॉलेटला लक्ष्य करणारा कोड आत शिरला. तो कोडही खुलाच होता. शिवाय या प्रकल्पाचा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्राम) प्रॉक्सीमागे असल्याने नंतरही बदलता येतो; तो बदलण्याचा अधिकार एकाच पत्त्याकडे आहे आणि बदल लागू होण्याआधी ठरावीक वेळ थांबायला लावणारा टाइमलॉक नाही. मग जुन्या कमिटवर (कोडच्या आधीच्या नोंदलेल्या रूपावर) झालेल्या सुरक्षा ऑडिटला कितपत किंमत द्यावी?

ज्यांनी अशी पडताळणी प्रत्यक्ष केली आहे, त्यांनी ‘क्लासेस.डेक्स’मधला फरक उलगडण्याची रीत कृपया सांगावी. तसेच बिल्डसाठी वापरलेल्या साधनांच्या नेमक्या आवृत्त्या डेव्हलपरांकडे मागणे रास्त ठरेल का आणि त्यांनी त्या न दिल्यास हे वॉलेट तिथेच सोडून द्यावे का, याबद्दलही आपले मत हवे आहे.